पश्चिमेकडचे बाराशे फूट

माझे मोठे दीर नीलकंठ भाऊजी रेल्वेच्या ऑफिसात बाबू होते, पण आमच्या गुढियारी मोहल्ल्यात त्यांचा थाट इंजिनिअरचा. कोणाचाही प्लॉट मोजायचा असो, टेप घेऊन हे हजर. रीत एकच. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज करायची, अर्धी करायची, अन् आलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार. जागा सरळ असो की वाकडीतिकडी, हिशेब तोच. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आठवीतल्या पोट्ट्यानं असं उत्तर काढलं असतं तर त्याले बाकावर उभं केलं असतं. भाऊजींले मात्र अख्खा पारा, म्हणजे सारा मोहल्ला, चहा पाजे. काय ती अक्कल, असं म्हणून मी मनातल्या मनात हसायची.

सासऱ्यांच्या जागेच्या वाटण्या निघाल्या तेव्हाही मोजणी त्यांनीच केली. दोन्ही तुकडे रस्त्यालाच लागून. पूर्वेकडचा त्यांनी घेतला, तीस बाय चाळीस, चारही कोपरे काटकोनात. पश्चिमेकडचा मले दिला. त्याच्या बाजू ओळीनं अठ्ठावीस, बेचाळीस, बत्तीस आणि अडतीस. "दोन्ही बाराशे," म्हणाले. माझे मालक गेल्यापासून मी समता कॉलनीत भाड्यानं राहून राहिली. घर बांधायचं तर याच तुकड्यावर, दुसरी जागा मले नाही.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेली अन् माझ्या तुकड्याचा कर्ण मोजला. साठ फूट भरला. घरी येऊन कागदावर दोन त्रिकोण पाडले, दोघांचं क्षेत्रफळ काढलं. एक हजार चौसष्ट. बाराशेत एकशे छत्तीस कमी, म्हणजे एक अख्खी खोली गेली कुठं? कागद पर्समध्ये ठेवून दिला.

रविवारी सह्या होत्या. भाऊजींची मुलगी ज्ञानदा वकील आहे, तीच कागद घेऊन बसली होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमची रीत काटकोनातच चालते. तिरप्या जागेत ती जास्त दाखवते. कर्ण मोजावा लागतो."

"इथं शाळा नको उघडू," ते म्हणाले. "सारे लोक असंच मोजतात."

"मग अदलाबदल करू. दोन्ही सारखेच तर आहेत."

"हव पापा," ज्ञानदा म्हणाली, "बराबर है तो काकी को पूरब वाला दे दो. क्या फर्क पड़ता है?"

भाऊजी तडकले. "काहून देऊ? एकशे छत्तीस फुटांचं नुकसान मी काहून सोसू?"

ज्ञानदानं पेन खाली ठेवला. हा आकडा मी अजून कोणालेच सांगितला नव्हता.

"मतलब आपको मालूम था," ती हळूच म्हणाली. तिनं नवा कागद काढला, तुकड्यांसमोरची नावं बदलून लिहिली अन् भाऊजींपुढं सरकवला. त्यांनी मान वर न करता सही केली.

मले माझे खरे बाराशे मिळाले. पण ज्याले मी इतकी वर्षं ढ समजत आली, त्याले कर्ण माझ्याइतकाच येत होता. ढ होते तोवर बरे होते. या हातानं त्यांनी पाऱ्यातल्या किती जागा मोजल्या, अन् दर वेळी कोणाच्या सोयीनं, देव जाणे.