लहान कुऱ्हाड – एक

कुशाबा लोहारानं चिमट्यात धरून कुऱ्हाड वर केली. ती त्याच्या अंगठ्याएवढी होती.

जयसिंग मास्तरानं आधी कुऱ्हाडीकडं बघितलं, मग कुशाबाकडं, मग भाता ओढणाऱ्या तुळजाबाईकडं. नवरा-बायको दोघंही गंभीर होती. कुऱ्हाडीत तसं काहीच कमी नव्हतं. पातं होतं, पात्याला बाक होता, मागं चपटी बाजू होती, दांडा घालायला भोकसुद्धा होतं. त्यात उदबत्तीची काडी गेली असती.

"तात्या, हे काय?"

"तुमची कुऱ्हाड."

"एवढी?"

कुशाबानं फळीवरून पुस्तिका काढली. स्काउट मास्तरांच्या शिबिराची ती पुस्तिका मास्तरानंच त्याच्याकडं ठेवली होती, आणि आता तिच्या प्रत्येक पानावर कोळशाची बोटं उमटली होती. चित्राचं पान काढून कुशाबानं त्यावर गवताची एक काडी ठेवली. तीच काडी उचलून कुऱ्हाडीवर ठेवली. दोन्हीकडं तंतोतंत.

"केसाचा फरक काडून दावा," तो म्हणाला. "डोळं फुटायची पाळी आली. असलं बारीक काम माझ्या बापानं केलं न्हाई."

"अहो, ते चित्र आहे. चित्रात वस्तू लहान काढतात."

"लहानच पायजे म्हणला व्हता की. चार येळा म्हणला."

तुळजाबाईनं भाता थांबवला. "ऱ्हाऊ द्या ती. मला सुपारी फोडाया हुईल."

जयसिंग घोटावड्याच्या हायस्कुलात तीन वर्षं तात्पुरता मास्तर होता. हेडमास्तरांनी त्याला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत ताम्हिणीला स्काउट मास्तरांचं पाच दिवसांचं शिबिर आहे, तिथलं सर्टिफिकेट आणलं तर जूनपासून कायम. नाही आणलं तर दुसरा उमेदवार तयार आहे. तो दुसरा उमेदवार हेडमास्तरांच्या बायकोच्या गावचा होता, आणि खरोखरच फार तयार होता. शिबिराला काय काय आणायचं त्याची यादी पुस्तिकेतच होती. शिट्टी, वीस हात दोर, सुई-दोरा, जर्मनचं ताट, आणि शेवटी 'लहान कुऱ्हाड – एक'. यादीतली एक जरी वस्तू कमी असली तरी आल्या एस.टी.नं परत पाठवणार, असं खाली जाड अक्षरात होतं. बाकी सगळं मास्तराकडं जमलं होतं.

कुऱ्हाड मात्र घरून नेता येण्यासारखी नव्हती. घोटावड्यात कुऱ्हाड नसलेलं घर एकच होतं आणि ते त्याचं होतं. त्याचा बाप गेणबा वीस वर्षं गावाची लाकडं फोडत होता. लग्न कुणाचंही असो, चुलवणाची लाकडं गेणबानं फोडायची आणि सगळ्या पंगती उठल्यावर मांडवाबाहेर जेवायचं. छप्पन साली तो दीक्षा घेऊन आला, कुऱ्हाड चावडीच्या पायरीवर ठेवली आणि घरी गेला. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती. घरात गोवऱ्या होत्या, स्टोव्ह होता, आणि भीमाबाई, म्हणजे मास्तराची आई, काटक्या गुडघ्यावर मोडून चूल पेटवायची. लहानपणी जयसिंगनं बापाचा मार एकदाच खाल्ला होता, शेजारच्यांची कुऱ्हाड उचलून बघितली म्हणून. तो एकदाचाच पुरला होता. शिबिराचं त्यानं घरी सांगितलं होतं. यादी वाचून दाखवताना शेवटची ओळ गाळली होती.

"नवी करून देतो," कुशाबा म्हणाला. "पर एक सांगा. तोडायचं काय हाय हिच्यानं?"

जयसिंगनं पुस्तिका उघडून वाचून दाखवलं. "जंगलात एकट्या सापडलेल्या माणसाचा खरा सोबती म्हणजे लहान कुऱ्हाड. वजन सहाशे ग्रॅम, दांडा चौदा इंच."

"बायकू न्हेली तर चालत न्हाई का?" तुळजाबाईनं विचारलं.

भातकापणीला ताम्हिणीकडून आलेला बुधा कातकरी कोयत्याला धार लावून घ्यायला दाराशी एका ओंडक्यावर बसला होता. त्यानं मान वर केली.

"कुटं जायाचं म्हणला, गुर्जी?"

"ताम्हिणीला. जंगलात हरवल्यावर कसं जगायचं ते शिकवणार आहेत."

"आमच्याकडं?"

"हो."

"कोन शिकिवनार?"

"पुण्याचे एक सर आहेत."

बुधानं कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपली. "आमी जलमापास्नं तितंच हाय," तो म्हणाला. "पर आमास्नी ह्ये कुणी सांगितलं न्हाई."

दोन दिवसांनी कुशाबानं खरोखरच्या मापाचं पातं दिलं. फक्त पातं. लोहारानं पातं द्यायचं आणि दांडा ज्याचा त्यानं घालायचा, कारण हात ज्याचा त्याचा असतो, ही तिकडची पद्धत. दांडा तोडायला कुऱ्हाड लागते आणि मास्तराच्या कुऱ्हाडीला दांडा नव्हता. दुसऱ्या कुणाची मागितली असती तर संध्याकाळच्या आत बापाला कळलं असतं. म्हणून त्यानं शाळेतल्या फळ्याच्या घोडीचा एक पाय काढला आणि सायकलवाल्याच्या करवतीनं चौदा इंचांवर कापला. घोडीला मुळात तीनच पाय होते. सातवी 'ब'चा फळा भिंतीला टेकून बसला आणि त्या दिवसापासून त्या वर्गाचा भूगोल जरा तिरका चालू लागला.

शिबिराच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, कुणी नाही असं बघून मास्तर ग्रामपंचायतीच्या मागं गेला. तिथं आंब्याचं एक जुनं खोड पडलेलं होतं. पुस्तिकेत होतं तसे पाय फाकवून तो उभा राहिला. पुस्तिकेत होता तसा श्वास घेतला. कुऱ्हाड डोक्यावरून मागं नेली आणि जोरात खाली आणली. खोडावर आपटला तो नुसता दांडा.

पातं कुठं गेलं ते लगेच कळलं नाही. खट्ट असा आवाज तेवढा पंचायतीच्या पुढच्या बाजूनं आला. तिथं 'झाडे लावा, झाडे जगवा' असा मोठा लाकडी बोर्ड होता. बोर्डाखाली पंचायतीचा शिपाई भैरू झोपला होता. पातं छपरावरून गेलं होतं आणि 'जगवा'मध्ये बसलं होतं. भैरू उठला. त्यानं डोक्यावर दोन वीत उंच असलेलं पातं बघितलं, उशाची टोपी घेऊन घातली आणि म्हणाला,

"कुणाचंय?"

मास्तर कोपऱ्यावरून आला तेव्हा त्याच्या हातात चौदा इंचाचा दांडा होता. माझं नाही म्हणायला काही जागाच नव्हती.

"काढून घेतो, भैरूकाका."

"हात लावायचा न्हाई. पंचनामा हुईल. ग्रामसेवक बेस्तरवारी येनार, तवा काडायचं."

"बेस्तरवारी? माझी गाडी उद्या सकाळची आहे."

"मंग पंचायतीवर कुऱ्हाड चालवायच्या आदी इचार करायचा व्हता."

दुपारपर्यंत गेणबाच्या पोरानं पंचायतीवर कुऱ्हाड चालवली ही बातमी गावभर झाली. दोन-तीन जणांनी तर मनातल्या मनात त्याला मतसुद्धा देऊन टाकलं.

मास्तर जेवला नाही. तो सरळ लोहाराच्या भट्टीकडं गेला. कुशाबानं कसलाही प्रश्न न विचारता गोणपाटावर तीन पाती मांडली.

"ह्यातलं घ्या. ही दोन ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची. ही तिसरी घाईत केली, बैलगाडीच्या चाकावरच्या धावंच्या लोखंडाची. ही नका घेऊ."

जयसिंग उकिडवा बसून एकेक उचलून बघत होता. त्याला तिन्ही सारखीच दिसत होती. तेवढ्यात भात्याचा आवाज थांबला. त्यानं वर बघितलं तर गेणबा समोर उभा होता.

"रामराम," कुशाबा म्हणाला.

"जयभीम," गेणबा म्हणाला. तेवीस वर्षं दोघं आपापलं म्हणत आले होते आणि त्यावरून कधी काही अडलं नव्हतं.

जयसिंग उठून उभा राहिला. बाकावर उभं केलेलं पोर उभं राहतं, तसा. गेणबानं गोणपाटावरच्या पात्यांकडं बघितलं.

"कशाला पायजे?"

"शिबिराला, आबा. यादीत हाय."

"काय करायचं तिनं?"

"लाकूड कसं फोडायचं, त्ये शिकिवनार हायेत." बापापुढं मास्तराची भाषा आपोआप घरची झाली. "मग शेवटी सर्टिफिकेट देत्यात."

"लाकूड फोडायचं सर्टिफिकेट?"

"व्हय."

"सरकारी?"

"शिक्का असतोय त्याच्यावर."

गेणबा खाली बसला. त्याचे खांदे हलायला लागले. आवाज काहीच नव्हता, त्यामुळं तो हसतोय हे जयसिंगला जरा उशिरा कळलं.

"कुशा," गेणबा डोळे पुसत म्हणाला, "वीस वरसं फोडली रं म्या. एक शिक्का गावला न्हाई."

"तुमी परीक्षाच दिली न्हाई, भावजी," तुळजाबाई म्हणाली.

"व्हय, त्येबी हायच."

मग त्यानं हात पुढं केला. पहिलं पातं उचललं, नखानं वाजवलं आणि कानाशी धरलं. दुसरं वाजवलं. तिसऱ्याला नख मारलं तेव्हा नाद असा निघालाच नाही. त्यानं पहिलं परत घेतलं. कुशाबानं आपल्या स्वतःच्या कुऱ्हाडीचा धामणीच्या लाकडाचा दांडा काढून त्यात ठोकून दिला आणि ज्याच्यावर त्या दिवशी बुधा बसला होता तो बाभळीचा गाठाळ ओंडका पायानं पुढं सरकवला. तो ओंडका कुणाला फुटत नव्हता, म्हणूनच त्याची बैठक झाली होती.

गेणबा उठला. ओंडका पायानं फिरवला. थोडा फिरवला, परत थोडा. काहीतरी वाचल्यासारखं त्याच्याकडं बघितलं. पाय फाकवले नाहीत, श्वास घेतला नाही. हात वर गेला आणि खाली आला. ओंडक्याचे दोन भाग झाले आणि दोन बाजूंना पडले.

जयसिंगनं बापाला हे करताना कधी बघितलं नव्हतं.

गेणबानं कुऱ्हाड खाली ठेवली. तळहात धोतराला पुसला. बघितला. परत पुसला.

"ही बेस हाय," तो म्हणाला.

जयसिंगनं ती घ्यायला हात पुढं केला. गेणबानं कुऱ्हाड उचलून कुशाबाकडं दिली.

"ही तू ठिव. ह्येला ती तिसरी दे."

"अरं, धावंचं लोखंड हाय त्ये. पाणी चढत न्हाई त्येला. पैल्या घावाला तोंड मुडपंल."

"म्हाईत हाय."

"मंग?"

गेणबानं जयसिंगला विचारलं, "यादीत धार लिवलीया का रं?"

जयसिंगनं पुस्तिका उघडली. वजन होतं. दांड्याची लांबी होती. चामड्याचं आवरण असल्यास उत्तम, असं होतं. त्यानं पान उलटून मागं बघितलं.

"न्हाई."

"मंग झालं तर."

कुशाबाला ते पटलं नाही. गिऱ्हाईक कुणाचंही पोर असो, आपल्या हातचं असलं हत्यार पुण्याच्या सरापुढं जाणार, हे त्याला बघवेना. तिसऱ्या पात्यात त्यानं चौदा इंचाचा दांडा बसवला, वरून पाचर ठोकली आणि पुटपुटत सहाणेवर पाणी शिंपडलं. "निदान घासून तरी देतो. दोन दिस टिकंल. लोक मला काय म्हणतील?"

पातं सहाणेला टेकणार तोच जयसिंगनं मध्ये हात घातला.

"राहू द्या, तात्या. धार नको."

कुशाबानं त्याच्याकडं बघितलं, मग गेणबाकडं. गेणबा दुसरीकडं, रस्त्याकडं बघत होता.

बापलेक घराकडं निघाले. कुऱ्हाड खांद्याच्या शबनम पिशवीत होती आणि दांडा बाहेर डोकावत होता. गेणबा पुढं, जयसिंग दोन पावलं मागं. भाताच्या खाचरांशी आल्यावर जयसिंगनं विचारलं,

"आबा, आन तितं फोडाया सांगितलं म्हंजी?"

"म्हणायचं, मला येत न्हाई."

"हसतील."

"हसू दे."

थोडं पुढं गेल्यावर गेणबा थांबला. "म्हणून दाव बरं."

"काय?"

"मला येत न्हाई."

"मला येत न्हाई," जयसिंग म्हणाला.

"त्वांडातल्या त्वांडात नगं. मोठ्यानं."

जयसिंगनं मागं-पुढं बघितलं. मग सगळा वर्ग एकदम बोलायला लागल्यावर जो आवाज काढायचा त्या आवाजात म्हणाला, "मला येत न्हाई!"

खाचरात भात कापणारी चार-पाच माणसं विळे थांबवून वर बघायला लागली. त्यातल्या एकाचं लग्न गेणबाला आठवत होतं. तीन दिवस लाकडं फोडली होती.

"काय झालं रं, गेणबा?" त्यानं बांधावरून ओरडून विचारलं. "काय येत न्हाई म्हणतोय मास्तर?"

"लाकूड फोडाया," गेणबानं ओरडून सांगितलं. "खरंच येत न्हाई त्येला."