भिंगारचा समुद्र

ट्रकचा जुना रेडिएटर. शिवणयंत्रांचा खडखडाट. साठ फूट खोल विहीर. मे महिना. मोबाईलवरचा एक व्हिडिओ, ज्यात समुद्राच्या तळाचं गार पाणी नळांतून फिरवून अख्खं हॉटेल थंड केलं होतं.

भिंगारच्या रिझवानने हे सगळं एकत्र आणलं. रेडिएटर दुरुस्तीत त्याचे केस पिकले होते. त्याच्या घरी तापलेल्या स्लॅबखाली बायको शरिफा शिवणवर्ग चालवायची. "आज दुपारपर्यंत गारवा आला नाही, तर वर्ग बहिणीकडे नगरला हलवणार," असं तिने बजावलं होतं. मग घर कसं सुनं होईल, ते रिझवानला ठाऊक होतं.

"समुद्र नसला म्हणून काय झालं? विहीर आहे ना!" म्हणत त्याने रेडिएटरमागे पंखा लावला आणि पाणी सोडलं. भट्टीसारखी झळ आली.

"अहो, मुलींना गारवा देताय की भाजून काढताय?" शरिफा म्हणाली. मुली फिदीफिदी हसल्या.

रिझवान पाइप चाचपत गच्चीवर गेला आणि त्याने कपाळावर हात मारला. पाणी आलं की आधी टाकी भरायची, ही नगरची सवय. विहिरीचं पाणी काळ्या टाकीत तापून खाली येत होतं.

त्याने मोटारीचा पाइप थेट रेडिएटरला जोडला. पाचव्या मिनिटाला शरिफाने आपलं मशीन पंख्यासमोर ओढलं.

"बहिणीला सांगते, टेम्पो पाठवू नकोस."

ती काळी टाकी गेल्या वर्षी शरिफानेच हट्टाने बसवून घेतली होती.