पांढऱ्या स्लॉटचं कार्ड

हादरा

कोयनानगरला जमीन हलली की माणसं घराबाहेर येतात. मांडणीवरची भांडी खणखणतात, कुत्री भुंकतात आणि बघता बघता सगळी वसाहत रस्त्यावर. "तुमच्याकडं जोरात लागला का हो?" असं जो तो ज्याला त्याला विचारतो. कुणी चहा आणतं. मग भीती ओसरते, माणसं आत जातात, दारं लागतात.

१९९९ सालची ही गोष्ट. चारुशीलाबाईंना या हादऱ्यांची ओढ लागली होती.

असं लिहिणं बरं दिसत नाही. भूकंपाची कुणी वाट बघतं का? पण त्यांचे यजमान मधुकरराव जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. ते धरणावर इंजिनिअर होते. त्यांच्यामागे बाईंना तिथल्याच कार्यालयात कारकुनाची नोकरी मिळाली होती. मूलबाळ नव्हतं. कार्यालयातून परतून कुलूप उघडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कुणी हाक मारत नसे. हाक यायची ती जमीन हलल्यावर. शेजारच्या म्हाताऱ्या रंगूबाई रस्त्यात गाठून विचारायच्या, "भ्यालीस का गं पोरी? जेवलीस न्हवं?"

तेवढं ऐकायला बाई पायात चप्पलही न घालता धावायच्या.

हादरा नाही

कार्यालयात चहाच्या वेळी लालासाहेब खुर्ची ओढून बसले. ते रंगूबाईंचे चिरंजीव, बाईंचे सहकारी आणि शेजारीही.

"वैनी, एक इचारू का? रागवू नगा."

"विचारा की."

"सायबांचा त्यो कॉम्प्युटर. नुसता धूळ खात पडलाय. आमच्या पोराला, पृथ्वीराजला द्या की. फुकट न्हाई, किंमत करून घेतो. आता तुमास्नी त्याचं काय करायचंय?"

पलीकडच्या टेबलावरून वसाहतीतलीच मयूरी म्हणाली, "खरंच द्या बाई. आणि आमच्या भजनी मंडळात या. मन रमतं."

लालासाहेब वाईट माणूस नव्हते. मधुकररावांच्या आजारपणात कऱ्हाडच्या दवाखान्यात तेच धावले होते. फक्त नवरा गेलेल्या बाईला खेळावंसं वाटत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"बघते," बाई पुटपुटल्या.

"मग दिवाळी झाली की न्यायला येतो!" लालासाहेब खुशीत उठले. बाईंच्या कपातला चहा बशीत सांडला. जमीन मात्र हलली नव्हती.

हादरा नाही

बंद दारामागे काय चालायचं, ते आता सांगायला हवं.

बाई गाडी चालवायच्या. कॉम्प्युटरवर.

मधुकररावांनी शर्यतीचा एक खेळ आणला होता. डोंगरातला रस्ता, लाल गाडी. ते चालवायचे आणि बाई शेजारच्या स्टुलावर बसून ओरडायच्या, "वळण! अहो, वळण!"

"दिसतंय गं मला."

आणि गाडी दरीत! कॉम्प्युटर साधा, चित्र उड्या मारायचं. बोगद्यातून गाडी बाहेर आलेली दिसायची आणि पुढच्या क्षणी थेट दरीतच दिसायची. मधलं वळण पडद्यावर यायचंच नाही. "एक ग्राफिक्स कार्ड टाकू. मग उड्या जातील," मधुकरराव म्हणायचे.

कार्ड राहिलं. ते गेले.

आता चालवायचंही बाईंनी, ओरडायचंही बाईंनी. तेही मनातल्या मनात. खिडकीचे पडदे ओढलेले, स्पीकर बंद. कुणी पाहिलं तर? स्टूल मात्र तिथंच होतं.

हादरा नाही

कार्ड कऱ्हाडलाही मिळालं असतं. तिथं ओळखीचं कुणी भेटेल म्हणून बाई एसटीने पार सांगलीला गेल्या.

"गेम खेळायला कार्ड हवंय," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "माझ्या भाच्याला."

दुकानदार सौमित्र, तरुण मुलगा. "कॉम्प्युटर कुठला आहे त्याचा? जुना की नवा?"

बाईंना सगळं ठाऊक होतं. झाकण उघडून आतली धूळ त्या स्वतः ब्रशने झाडायच्या. कार्डं बसवायच्या आतल्या खाचा, म्हणजे काळे लांब स्लॉट आणि पांढरे आखूड स्लॉट, त्यांना डोळे मिटूनही दिसले असते. पांढऱ्यांतले दोन रिकामे होते. सगळं जिभेवर आलं होतं. पण भाच्यासाठी खरेदी करणाऱ्या मावशीला हे कसं ठाऊक?

"मला बाई काय कळतंय त्यातलं!" त्या हसल्या.

"मग हे एजीपीचं न्या. हल्लीची पोरं हेच मागतात."

हादरा नाही

बसलं नाही.

एजीपीच्या कार्डाला वेगळा, तपकिरी स्लॉट लागतो. तो तेव्हाच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये असायचा. बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये तो नव्हताच. कार्ड चांगलं होतं, कॉम्प्युटरही चांगला होता. दोघांची गाठ घालून देणारं एक खरं वाक्य तेवढं बाईंनी गिळलं होतं.

स्क्रूड्रायव्हर हातात धरून त्या जमिनीवर बसून राहिल्या. फसलं, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. एकही नाव आठवेना.

त्या संध्याकाळी जमीन हलली असती तर फार बरं झालं असतं.

हादरा नाही

"बसलं नाही?" सौमित्रने खोका उलटसुलट पाहिला. "असं करा काकू, भाच्यालाच फोन लावा. मी बोलतो त्याच्याशी." त्याने काउंटरवरचा फोन पुढे सरकवला. "नंबर सांगा."

बाईंनी फोनकडे पाहिलं. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती.

"नंबर नाही."

"म्हणजे?"

"भाचा नाही! मी खेळते. कॉम्प्युटर माझा आहे. पेंटियम, तीन वर्षांपूर्वीचा. एजीपी नाही त्यात. पांढरे पीसीआय स्लॉट आहेत, दोन रिकामे आहेत. आणि मला बोगद्यानंतरचं ते वळण घ्यायचंय!"

मागचं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. सौमित्र हसला नाही. त्याचे डोळे चमकले.

"लाल गाडीवाला गेम? बोगद्यातून बाहेर आलं की लगेच दरी?"

"तोच!"

"मीही तिथंच मरायचो, काकू! तुम्ही ब्रेक कधी मारता?"

ब्रेक कधी मारता! दीड वर्षात बाईंना सल्ले खूप मिळाले होते. त्यांना स्वतःबद्दल असा प्रश्न आज पहिल्यांदा कुणी विचारला होता. त्यांनी बोगद्यापासूनचं सगळं भराभर सांगून टाकलं.

सौमित्रने एजीपीचं कार्ड परत घेतलं आणि दुसरं काढलं. "हे पीसीआयचं, पांढऱ्या स्लॉटचं. साधंच नेताय असं वाटून घेऊ नका. याहून भारी कार्ड तुमच्या प्रोसेसरला झेपणार नाही. पहिल्यांदाच सांगायचं ना, काकू!"

हादरा

दिवाळी झाली होती. संध्याकाळची वेळ. नवं कार्ड नुकतंच बसवलं होतं आणि बाईंची गाडी बोगद्याकडे निघाली होती. टेबल हललं. बाईंना वाटलं, गाडीच हलली.

बाहेर सगळी वसाहत रस्त्यावर आली.

"चारू कुटं हाय?" रंगूबाई ओरडल्या. "ती तर समद्यांच्या आधी येती! लाल्या, बघ आदी!"

लालासाहेबांनी दार ढकललं. त्यांच्यामागे मयूरी, रंगूबाई, अर्धी गल्ली.

"वैनी! धरनी हलली आन् तुमी..." ते थबकले. पडद्यावर लाल गाडी धावत होती. "तुमी खेळताय व्हय?"

"या वयात? आणि असं सगळं झालेलं असताना?" मयूरी हळूच म्हणाली.

बाईंचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. मग मागे आला. गाडी दरीत पडली, पण त्या वळून नीट बसल्या.

"हो, खेळतेय. लालासाहेब, कॉम्प्युटर मी देणार नाही. मला तो हवाय."

रंगूबाई मुलाकडे वळल्या.

"लाल्या, तू रोज सांजच्याला क्लबात पत्तं कुटतोस. तुला कोन इचारतंय का, तुला काय करायचंय म्हनून?"

"आये, ती गोष्ट येगळी."

"का येगळी? तू बापय हाईस म्हनून? तुजा बा गेला तवा मी पंचविशीत हुते. मला सागरगोट्यांचा लय नाद. लोक काय म्हनतील म्हनून मीच हिरीत टाकलं. तवापास्नं सांज झाली की हातांनी काय करावं, ते मला अजून उमगलं न्हाई बग! हिचंबी तसंच करायचंय? आन् आपन हिला इचारतो तरी कवा? धरनी हलली की! एरवी मेली का जिती, कुनाला ठावं?"

लालासाहेबांनी मान खाली घातली. दाराशी उभ्या असलेल्या सगळ्यांनाच ते लागलं.

"चुकलं वैनी," ते म्हणाले. "देनार का म्हनून कधी इचारलंच न्हाई मी. दिवाळीचा वायदाबी माझा मीच केला." मग कान खाजवत, "पर पृथ्वीराजला एक डाव खेळू द्याल न्हवं?"

"पाठवा की. पण माझा झाल्यावर!"

रंगूबाई पुढे आल्या आणि स्टुलावर बसल्या. "लाव गं परत. कुटं पडतीस ते तर बगू."

बाईंनी स्पीकर चालू केला. गाडी निघाली. बोगदा आला, उजेड आला आणि समोर सबंध, कुठेही न तुटलेलं वळण उलगडलं.

"वळीव!" रंगूबाई किंचाळल्या. "आगं पोरी, वळीव!"

बाईंनी वळण घेतलं!

नागरिकहो, कार्ड घ्यायचं तर आधी कॉम्प्युटर उघडून बघावा लागतो. माणसाला काय शोभतं ते ठरवायला मात्र आपण त्याचं दारही उघडत नाही. बाई एकटी राहिली म्हणून तिची हौस संपत नाही. तिला काय हवं ते तिलाच विचारा. आणि एकट्या माणसानेही आपलं हवं ते न लाजता सांगावं.

शेजारचं दार आज वाजवा. जमीन हलण्याची वाट बघू नका!