बंडीखालचा कबऱ्या

कबऱ्याच्या तब्येतीविषयी रोहणा गावात ज्याला त्याला मत होतं. मत नव्हतं ते फक्त कबऱ्याला.

हे कुत्रं सुलोचनाने हट्टाने आणलं होतं. वावर जंगलाच्या अंगाला, हरभऱ्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरायचा, म्हणून राखणीला कुत्रं पाहिजेच असा तिचा धोशा. आलं ते पोरवयाचं, लांब टांगांचं आणि जरा पळालं की जीभ लोंबवून बसणारं. तिच्या नवऱ्याने, श्रावणने, साफ सांगून टाकलं, "हरभऱ्याचे घाटे भरेपर्यंत हा रोह्यामागं पळला त ठीक. नाई त अश्वजित घेऊन जाईन आर्वीले. त्याच्या गोदामाले कुत्रं पाहिजेच हाय."

अश्वजित धाकटा दीर. त्याच्या गोदामापुढची साखळी सुलोचनाने पाहिली होती. आधीचं कुत्रं साखळीच्या टोकाशी गोल गोल फिरून, झाडाभोवती करतात तसं आळं करून मेलं होतं.

तेव्हा कबऱ्याला तयार करणं आलं. कसं, ते कोणाला ठाऊक? शेजारच्या वावरातला प्रफुल म्हणाला, "काकू, मोटारसायकलच्या मागं पळवा, आठ दिवसात घोडा होते." पळवलं. घोडा राहिला बाजूला, तळवे सोलून कबऱ्या लंगडायला लागला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तिच्यावरच डाफरल्या. "हाडं कच्ची आहेत अजून. पळवू नका, चालवा. हळूहळू वाढवत न्या." पण दोरी लावली की हा फतकल मारून बसायचा आणि सोडली की सरळ घरी जायचा.

शेवटी म्हातारी वच्छलामाय म्हणाली, "अवं, बंडीखाली चालू दे ना त्याले. बैलाच्या चालीनं चालते, डोक्यावर सावली. माह्या सासऱ्याचे सारे कुत्रे असेच तयार झाले."

आणि काय सांगावं, जमलं! बंडी वावरात निघाली की कबऱ्या दोन चाकांच्या मधोमध, जणू बंडी तोच ओढतोय अशा रुबाबात. आधी नाल्यापर्यंत, मग वावरापर्यंत, मग जाऊन-येऊन. छाती भरली, मांड्या पिळदार झाल्या. श्रावणनेही कोणी पाहत नाही असं बघून त्या चाचपल्या.

मग एका संध्याकाळी रोही आले. सुलोचना ओरडली, "कबऱ्या, छू!" कबऱ्याने बैल सोडलेल्या बंडीखालून रोह्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग वर बंडीच्या फळ्यांकडे. आता ही काऊन हलत नाही, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं. तो मुळी बाहेरच आला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. भाकर दाखवली, तरी मान तेवढी लांबवली.

"माय, तुमचे कुत्रे बाहेर कसे निघत?" सुलोचनाने वच्छलामायला विचारलं.

"निघत होते बाप्पा. कुत्रे होते ते."

आपण ह्याला चालायला शिकवलं की बंडीखाली राहायला, हेच तिला कळेना. शिकवताना तर दोन्ही एकच दिसत होतं.

घाटे भरले. अश्वजित मोटारसायकलला दोर बांधून थेट वावरातच आला. त्या दिवशी बैल प्रफुलने नेलेले, बंडी घरी. कबऱ्या राखणीसाठी वावरात टाकलेल्या बाजेखाली बसला होता. सावली ती सावली.

"हाच का वयनी? तब्येत त मस्त हाय," अश्वजित दोर सोडवत म्हणाला.

तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, रोह्यांचा कळप उतरला. सुलोचनाने रोह्यांकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, बाजेचं एक टोक उचललं.

"अवं, काय करून राह्यली?" श्रावण ओरडला.

"अजी, धरा ना तिकून!"

बाज वाकडी होऊन पडेल म्हणून श्रावणने दुसरं टोक धरलं. का धरलं, ते त्याला पुढेही सांगता आलं नाही. नवरा-बायको डोक्यावर बाज घेऊन हरभऱ्याच्या तासातून पळायला लागले, आणि मधोमध, भुंकत, कबऱ्या.

रोह्यांनी माना वर केल्या. आठ पायांची ही बाज त्यांनीही कधी पाहिली नसावी. ते उधळले. कबऱ्याला जोर चढला, पण बाज धापा टाकायला लागली होती. बघता बघता तो पुढे निघाला आणि एकदम उघड्यावर आला. थांबला. मागे बाजेकडे पाहिलं, पुढे पळत्या रोह्यांकडे पाहिलं.

मग तो गेला. धुऱ्यापर्यंत गेला, धुऱ्यापलीकडे गेला, त्याचं भुंकणं पळसांतून लांब लांब ऐकू येत राहिलं. तो रोह्यामागे गेला की दुसरी सावली शोधायला, हे सुलोचनाला काही सांगता आलं नसतं.

परतला तो सरळ येऊन बाजेखाली आडवा झाला. बाजेवर श्रावण छाती धरून बसलेला.

"मंग दादा? नेऊ का?" अश्वजितने दोर हलवत विचारलं. "एवढं पळणारं कुत्रं गोदामाले—"

"ठेव तो दोर खिशात," श्रावण म्हणाला. त्याला अजून दम लागलेला. "मी ज्याच्यासंगं पळलो, त्याले तू बांधून ठेवशीन?"

"मले त काही समजूनच नाई राह्यलं," अश्वजित म्हणाला.

"आमाले तरी कुठं समजलं?" सुलोचना म्हणाली आणि बाजेखाली हात घालून कबऱ्याच्या धडधडत्या छातीवर ठेवला.