लाल रेघेखाली चार बोटं

मेरिनने टाकीच्या पत्र्यावर वरून खाली टकटक केली. पोकळ, पोकळ, पोकळ. भरीव आवाज आला तो लाल रेघेच्या चार बोटं खाली. टाकीचा नळ सुरू होता. धार बारीकच होती, पण अखंड.

मलंबिम्बी गावाच्या वरच्या डोंगरातलं हे साधना-केंद्र तिचं. इथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, रान वाळून कोळ झालेलं असतं, त्यामुळे आगीसाठी राखलेलं पाणी रेघेखाली जाऊन चालत नाही. आज दुपारी बाराला अग्निदलाचा क्लॅरी तपासायला येणार होता. पाणी कमी दिसलं तर उन्हाळाभर शिबिरं बंद. आणि उन्हाळा गेला की केंद्र गेलं.

"हा नळ कधीपासून वाहतोय?"

शिबिराला आलेल्या चाळीसांतले वीसजण मौनात होते. ते जमिनीकडे पाहत राहिले. त्यांच्या गुरू ग्लेनिसबाईंनी वहीत लिहून दाखवलं : 'काल सकाळपासून. आम्ही साक्षीभावाने पाहतो आहोत. ढवळाढवळ करायची नाही.'

"काल सकाळपासून? अहो, वीस माणसं येता-जाता बघताहेत आणि एकालाही हात नाही?"

उरलेले वीस टॉरिनचे. माळावर जाऊन जोरजोरात श्वास घ्यायचे आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचे, ही त्यांची साधना.

"आम्हीही पाहिला," टॉरिन हसत म्हणाला. "म्हटलं, वाहतंय त्याला अडवू नये. साचलेलं बाहेर पडलंच पाहिजे."

"पडलं ना! सातशे लिटर पडलं!" मेरिनने नळ बंद केला.

पंप दुरुस्तीला गावात पडून होता. मेरिनने गोठ्यातल्या, स्वयंपाकघरातल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या बादल्या काढल्या आणि खालच्या तळ्यापासून टाकीच्या शिडीपर्यंत रांग लावली. एक मौनवाला, एक ओरडणारा, पुन्हा एक मौनवाला.

ग्लेनिसबाईंनी वही पुढे केली : 'दहाला बैठक आहे.'

"बादली उपडी घाला आणि बसा तिच्यावर. नाहीतर भरा."

"मेरिन, दर बादलीला एक हुंकार घेऊ या का?" टॉरिनने विचारलं.

"घेऊन बघ. तीच बादली तुझ्या डोक्यावर ओतीन."

नऊपासून पावणेबारापर्यंत बादल्या चढत राहिल्या. ओरडायला कुणात दम उरला नव्हता.

क्लॅरी आला. त्याने टकटक केली, रेघेपाशी कान लावला. "भरलीय गं. पण ही सगळी मंडळी भिजलेली का?"

"साधना चाललीय त्यांची."

तो गेल्यावर ग्लेनिसबाई चार दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "मेरिन, आज मनात एकही विचार नव्हता. मौनाची ताकद."

"मौन कसलं?" टॉरिन उसळला. "शेवटच्या बादलीला सगळ्यांच्या तोंडून जो सुस्कारा सुटला ना, ती खरी मुक्ती!"

जेवण होईपर्यंत दोघं भांडत होते. एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, आणि ती सांगायला ते जोडीने स्वयंपाकघरात आले : पुढच्या शिबिरापर्यंत पंप आणू नकोस.

मेरिन पाना घेऊन टाकीकडे गेली. नळ पुन्हा ठिबकत होता आणि मौनातली एक बाई समोर मांडी घालून प्रत्येक थेंब डोळे भरून पाहत होती. मेरिनने नळ करकचून आवळला, त्याची मूठ काढून खिशात घातली.

"अहो!" बाई कळवळून म्हणाली. "आत्ताच कुठे मन लागलं होतं."