लोकर भरलेली घुंगरे

मित्रांनो, धुळाच्या घरात दाराआड टेकून ठेवलेली ही घुंगुरकाठी, ती मीच. आता माझी अणी गंजली आहे आणि कोळी माझ्यावर खुशाल संसार थाटतात. पण तरुणपणी मी सरकारी नोकरीत होते, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

करकंबच्या लोहाराने मला घडवले. वेळूची काठी, खाली लोखंडी अणी आणि वर गळ्यात पितळी घुंगरांचा घोस. मोडनिंबच्या स्टेशनावर आगगाडीने टपाल येई. ते थैलीत घालून पळत करकंबला पोचवायचे, हे हरकाऱ्याचे काम, आणि मी त्याच्या हातातली. माझ्या आवाजाने साप-विंचू बाजूला होत, गाडीवान बैल कडेला घेत, वेशीवरच्या माणसांना टपालाची वर्दी मिळे. लोक म्हणत, काय गोड वाजते ही काठी! खरे सांगू? मी जन्माची काळजीखोर. ओढ्याला पाणी असेल का, थैली भिजेल का, धुळाच्या पायात काटा मोडेल का, असे माझ्या मनात सारखे चाले. तेच घुंगरांतून बाहेर पडे.

आमचा हरकारा धुळा, जातीचा धनगर. मेंढरांमागे पळून त्याचे पाय तयार झालेले. त्याच्या पावलाबरोबर मी जमिनीला टेके आणि आमचा ताल कधी चुकत नसे. शेतातल्या बाया खुरपणीतून मान वर न करताच म्हणत, "धुळा आला की." तेव्हा मला फार अभिमान वाटे.

एकदा श्रावणात ओढा उतरताना त्याच्या पायाखालचा दगड निसटला. उजवा घोटा असा मुरगळला की धुळा मटकन खाली बसला. थैली मात्र त्याने पोटाशी धरलेली होती. उरलेली वाट त्याने माझ्यावर भार टाकून, लंगडत काढली. मी मोडले तर हा कुठे पडेल, या काळजीने माझी घुंगरे वाजत राहिली.

करकंबच्या शाळेचे रामहरी मास्तर टपालाचेही काम पाहत. त्यांनी थैली उतरवून घेतली आणि पाय पाहिला. "तू बरा होईपर्यंत तुझ्या भावाला पळू दे," ते म्हणाले. "पण येडू तरी दसऱ्यापर्यंतच आहे. तोवर तू उभा राहिला नाहीस, तर वरची कचेरी दुसरा माणूस नेमील. काठी तुझ्यापाशीच असू दे, टेकायला लागेल."

मास्तरांचे खरे होते. दसरा झाला की येडू मेंढरे घेऊन चाऱ्यासाठी दूर मुलखात निघे. त्याला थांबवणे म्हणजे मेंढरे उपाशी मारणे.

हाड बसवणाऱ्या बजाबाईने घोट्याला आंबेहळदीचा लेप घातला आणि पट्टी बांधली. "हाड न्हाय मोडलं, शीर दुखावलीया," ती म्हणाली. "आदी सूज उतरू दे. मग चाल. चालून दुखलं न्हाय, तर मग पळ. मदली पायरी गाळशील, तर जलमभर लंगडशील."

"व्हय, आजे," धुळा म्हणाला. पण त्याचे ध्यान तिच्या बोलण्याकडे नव्हते, दसऱ्याकडे होते.

भादव्यात सूज थोडी ओसरली आणि त्याने नको ते केले. त्याची बायको मायाक्का मोठ्या तिखट कानाची. कळपातले कोणते मेंढरू लंगडते, हे तिला नुसत्या खुरांच्या आवाजावरून कळे. लंगडत्या पावलाबरोबर मी वाकडी, बेताल वाजले असते, तर तिने त्याला तिथल्या तिथे घरी बसवले असते. म्हणून धुळाने कातरलेल्या लोकरीचे पुंजके घेतले आणि काडीने माझ्या एकेका घुंगरात ठासून भरले.

मित्रांनो, मुके होणे काय असते ते मला त्या दिवशी कळले. गावामागच्या माळावर तो मला घेऊन पळाला. त्याचा उजवा पाय धड टेकत नव्हता. त्याच्या मुठीतून मला ते समजत होते. थांब, थांब, असे मला ओरडायचे होते, पण तोंडात लोकर! शेवटी तोच कळवळून खाली बसला.

घरी मायाक्काने सुजलेला पाय पाहिला. मग मला उचलून हलवले. आवाज आला नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि बाभळीच्या काट्याने लोकर उकरू लागली.

"माज्यापास्नं लपवलं ते लपवलं," ती म्हणाली. "सोताच्या कानापास्नं बी लपवलंत?"

"दसरा जवळ आलाय गं. नोकरी गेली तर काय करू? पळण्याबिगर मला येतंय काय?"

"आन पायच गेला तर?"

मला दोघांचेही पटत होते, त्यामुळे माझी काळजी दुप्पट झाली.

"आता चोरून न्हाय," मायाक्का म्हणाली. "मी मेंढरामागं आसंन. घुंगरं सरळ वाजली तर म्होरं जावा. वाकडी वाजली की मी हाळी देईन. तितंच थांबायचं."

तसेच सुरू झाले. आधी सूज जाईपर्यंत पडून राहणे, मग नुसते चालणे, मग जरा पळणे आणि पुन्हा चालणे. माझा ताल चुकला की मायाक्का मेंढरांना थांबवायची हाळी देई, "हुर्रऽ, हुर्रऽ!" मेंढरे थांबत आणि धुळाही थांबे. लोक हसत. धुळा चिडे, पण थांबे.

दसऱ्याचे सोने वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी येडू कळप घेऊन निघून गेला. आता बदली माणूस कुणी नव्हता. पाय पुरता बरा झाला होता का? मला ठाऊक नव्हते. त्यालाही नसावे.

मोडनिंबला थैली खांद्यावर घेऊन धुळा पळू लागला. आम्ही ओढा जपून, चालत उतरलो. पलीकडे पुन्हा पळालो. बाभुळबनाशी आलो आणि माझा ताल चुकला. एकदा, मग पुन्हा. उन्हे कलली होती. तिकडे मास्तर वाट पाहत असणार. मायाक्का वेशीवर होती, तिची हाळी इथवर पोचणार नव्हती. धुळाचा हात वर सरकला आणि त्याने माझी घुंगरे मुठीत गच्च आवळली. मी घाबरले. पुन्हा तेच!

मग मूठ सैल झाली. धुळा जागच्या जागी उभा राहिला आणि स्वतःशीच हळू म्हणाला, "हुर्रऽ." आणि चालू लागला.

वेशीवर मायाक्का कान देऊन उभी होती. मी सावकाश वाजत होते, पण सरळ. ती आमच्याबरोबर चालू लागली.

मास्तर दारात घड्याळ घेऊन उभे होते. "पहिल्याच दिवशी उशीर, धुळा?"

"व्हय, मास्तर. पळत आलो आसतो, तर उद्या आलो नसतो."

मास्तरांनी त्याच्या पायाकडे पाहिले, मग घड्याळ खिशात टाकले. "उद्या ये," ते म्हणाले.

धुळा पुढे पुष्कळ वर्षे पळाला. मग टपालाला मोटार आली आणि मी दाराआड आले. माझ्या एका घुंगरात अजून लोकर आहे. मायाक्काने ती मुद्दाम राहू दिली. धुळा जाता-येता त्या घुंगराला बोट लावतो.

मित्रांनो, कधी सवड झाली तर माझा गंज पुसा. नाही पुसलात तरी चालेल. पण तुमचा पाय दुखून काही सांगू लागला, तर त्याच्या तोंडात लोकर भरू नका. मी तसे पळून पाहिले आहे. फार भीती वाटते.