लंगोट तोलणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना, तबकडीचा वजनकाटा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दुकानात साखर तोलीन, रुबाबात राहीन. नशिबी आले ते, लघवी किती झाली हे मोजायला, तान्ह्या बाळांचे ओले लंगोट! नवजात वॉर्डातले नवे काटे बाळं तोलत आणि मला पाहून नाक मुरडत.

एकदा बारा दिवसांची एक मुलगी दाखल झाली. दूध पोटभर प्यायची, तरी वजन रोज घटत होतं. लंगोट मात्र चिंब. लघवी छान होतेय, असं जो तो समाधानानं म्हणे. मग दोष कुणाचा? आईचा! सुनेचं दूधच पाणचट, असं आजीनं सांगून टाकलं होतं. ती बिचारी मान खाली घालून बसायची. मला राग यायचा, पण मला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही.

मोठी सिस्टर माझ्यासारखीच हट्टी. तिनं माझ्यावर ओला लंगोट तोलून त्यातून कोरड्या लंगोटाचं वजन वजा करून पाहिलं, तर मुलगी प्यायची त्याहून जास्त बाहेर टाकत होती. मग तिनं लघवीसाठी वेगळी छोटी पिशवी चिकटवली. पिशवीत जेमतेम चार थेंब, आणि लंगोट पुन्हा ओलाचिंब.

"डॉक्टर, ही लघवी नाही. पाण्यासारखे जुलाब आहेत," ती म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! दूध थांबवून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी लघवी पिशवीत आणि लंगोट कोरडा. डॉक्टरांनी आईला आणि आजीला समोर बसवलं. दुधातली साखर या मुलीच्या आतड्यात शोषलीच जात नाही, हा फार दुर्मीळ, जन्मजात दोष आहे, फळांतली फ्रुक्टोज नावाची साखर मात्र चालेल, असं त्यांनी समजावलं. पुढे तपासणीतही तेच निघालं.

"आईचं दूध उत्तम आहे," ते शेवटी म्हणाले.

त्या साखरेचं खास पावडरचं दूध सुरू झालं आणि तीन दिवसांत मुलगी साठ ग्रॅमनं वाढली. आजी सुनेजवळ जाऊन बसली.

"चुकले गं पोरी. न तोलता बोलले."

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे, मुक्काम कपाटात आहे. परवा तीच मुलगी भेटायला आली, पाच वर्षांची, गुबगुबीत. सिस्टरनं मला पुसून जमिनीवर ठेवलं, तशी ती थेट माझ्यावरच बसली.

मित्रांनो, जुनं काही मोडीत काढण्याआधी एकदा पुसून पाहा, आणि कुणाला दोष देण्याआधी नीट मोजून पाहा. माझा काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटला. तिला तोलणं मला जमलं नाही, आणि इतक्या आनंदानं मी कधी हरलो नव्हतो.